ब्रह्मकमळाचे मूळ घर

पावसाळ्यातील एखाद्या रात्री छत्रपती संभाजीनगरातील कुठल्यातरी बिऱ्हाडातून शेजाऱ्यांस निरोप जातो, 'आज आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलणार आहे.' आठ-नऊच्या सुमारास कळी सैल होऊ लागते, मध्यरात्री शुभ्र फूल पूर्ण उमलते, त्यास हळदकुंकू वाहतात, निरांजन ओवाळतात. आणि पहाटेस ते मान टाकते. या सोहळ्यास नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु ज्या झाडाची आपण इतक्या भक्तिभावाने पूजा करतो त्याचे मूळ घर कोणते, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ घरी ते कुंडीत कुजून जाते किंवा उन्हाने करपते. म्हणून आज त्याच्या पूर्ववृत्ताकडे वळावयाचे आहे.

प्रथम नावाचा घोळ. खरे ब्रह्मकमळ हिमालयात सुमारे ४,००० मीटर उंचीवर होते. ते सूर्यफुलाच्या कुळातील असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. केदारनाथ-बदरीनाथास ते वाहतात, आणि १९८२ साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. आपल्याकडील हवा त्यास मानवणार नाही. आपल्या सज्जात लोंबणारे झाड मेक्सिको व ग्वाटेमालाकडील अरण्यांतले, निवडुंगाच्या कुळातले. मौज अशी की, या दोन्ही वनस्पतींच्या शास्त्रीय नावांच्या मुळाशी एकच गृहस्थ आहेत, ते म्हणजे जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल. हिमालयातील फूल ज्या प्रजातीत मोडते तिला 'सॉस्यूरिया' हे नाव त्यांनी १८१० साली दिले. मेक्सिकोच्या झाडाचे वर्णन १८२८ साली प्रसिद्ध केले. त्यांनी दोन दूरच्या कप्प्यांत ठेवलेली झाडे आपण एका नावाखाली एकत्र आणली!

असे करणारे आपण एकटेच नव्हे. चिनी लोक याच फुलास 'थान-ह्वा' म्हणतात, आणि ते नाव बौद्ध ग्रंथांतील उदुंबर पुष्पावरून आलेले आहे. म्हणजे अमेरिकेच्या झाडास चीनमध्ये भारतीय नाव मिळाले. केरळात त्यास 'निशागंधी' म्हणतात. माझ्या मते सर्वांत प्रामाणिक नाव तेच.

दुसरा घोळ 'निवडुंग' या शब्दाचा. आपल्या डोंगरांवरील तीनधारी निवडुंग चीक देणारा, एरंडाच्या कुळातला. खऱ्या निवडुंगाशी त्याचे नाते नाही. शेतांच्या कुंपणांवरील फड्या निवडुंग मात्र खरा, आणि तोही अमेरिकेहून आलेला. १७९५ साली किरमिजी रंग मिळेल या आशेने ब्राझीलमधून एक किडा कलकत्त्यास आणण्यात आला. तो हलक्या जातीचा निघाला, रंगाचा व्यापार काही साधला नाही; पण दक्षिणेत त्याने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे १९२६ साली फड्या निवडुंगाच्या बंदोबस्तासाठी सिंहलद्वीपाहून दुसरा किडा मुद्दाम आणला गेला. या सर्व इतिहासामुळे निवडुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काटे, माळरान आणि रखरखीत ऊन उभे राहते.

अरण्यातील निवडुंगाची राहणी अगदी निराळी. तो मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत, साचलेल्या पालापाचोळ्यात मुळे रोवून खाली लोंबतो. बांडगुळाप्रमाणे तो वृक्षाचा रस मात्र शोषीत नाही. आधारापुरताच त्याचा आश्रय घेतो. त्याचा एक भाऊबंद 'रिप्सॅलिस' दोरीसारख्या बारीक फांद्यांनी लोंबतो. त्याची एक जात आफ्रिकेत आणि सिंहलद्वीपातही आपोआप वाढते. जुन्या जगात मनुष्याच्या मदतीवाचून पोहोचलेला निवडुंग तेवढा हाच. ब्रह्मकमळाच्या ज्या अवयवास आपण पान म्हणतो ते वस्तुतः चपटे झालेले खोड होय, म्हणूनच त्याच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते. पानाला फूल आले, हा चमत्कार सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

एवढे कळले की निगा कशी राखावी हे निराळे सांगावयास नको. वृक्षाखालची सावली त्याच्या सवयीची. तेव्हा पूर्वेच्या सज्जातील सकाळचे कोवळे ऊन त्यास पुरे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, त्या दिवसांत दुपारच्या उन्हात ठेवल्यास ते पिवळे पडून करपते. आपली काळी माती कपाशीस उत्तम, पण ती पाणी धरून ठेवते, म्हणून येथे निरुपयोगी. पानांचे कुजलेले खत, नारळाच्या शेंड्या व विटांचे बारीक तुकडे यांचे सैल मिश्रण भरावे, आणि कुंडीच्या बुडाचे भोक मोकळे राखावे. मुळे उथळ असतात, त्यामुळे कुंडी मोठी नको. पण उंच टांगावी. वरचा थर सुकला की पाणी द्यावे, हिवाळ्यात बेताने. हे निवडुंगच आहे म्हणून उन्हाळ्यात आठ-आठ दिवस कोरडे ठेवणे ही त्याची उपासमारच. कळ्या दिसू लागल्यावर कुंडी जागची हलवू नये, नाहीतर त्या गळतात.

शेजारणीस पान द्यावयाचे असल्यास तोडलेली बाजू सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यावी, मगच ते लावावे. ओले लावल्यास कुजते. फुलासाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागेल, हेही देतानाच सांगून ठेवावे.