वाचकसमुदायाची घडण: वर्गणी, श्रवण आणि सभासदत्व

मराठी साहित्येतिहासाची मांडणी आजवर प्रामुख्याने ग्रंथ आणि ग्रंथकार या दोन घटकांभोवती झाली आहे. वाचक हा तिसरा घटक त्यात गृहीत धरला जातो. त्याचा स्वतंत्र अभ्यास क्वचितच होतो. संस्कृत काव्यशास्त्रातील 'सहृदय' आणि मराठी समीक्षेतील 'रसिक' या दोन्ही संकल्पना इतिहासनिरपेक्ष आहेत. या वाचकाला जात, लिंग, मिळकत किंवा वाचनाची जागा नसते. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या विवेचनात अर्थ हा संहितेत नसून अर्थनिर्णय करणाऱ्या समूहाच्या संकेतांत असतो, अशी भूमिका आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनीही वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज इतिहासबद्ध असते, असे प्रतिपादन केले. तथापि, असा समूह मुळात कसा जमतो, त्यात प्रवेश कोणाला मिळतो आणि त्याचा खर्च कोण उचलतो, हे प्रश्न सिद्धांताने सुटत नाहीत. त्यांची उत्तरे त्या त्या भाषेच्या सामाजिक इतिहासातच शोधावी लागतात. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ग्रंथप्रेमींचा जो समुदाय आकाराला आला, त्याचा विचार या दृष्टीने करणे उद्बोधक ठरते.

या समुदायाची दृश्य संस्था म्हणजे वाचनालय. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि कोल्हापूर (१८५०) येथे वाचनालये स्थापन झाली. पुण्याच्या संस्थेचे मूळ नाव 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे होते. हे नावच तिच्या स्वरूपाविषयी पुष्कळ सांगते. 'नेटिव्ह' या शब्दातून शासक आणि शासित यांच्यातील अंतर व्यक्त होते, तर 'जनरल' हा शब्द त्या शासितांमध्ये सर्वांना प्रवेश असल्याचे सुचवतो. व्यवहारात मात्र या संस्था वर्गणीवर चालत. ज्याला अक्षरओळख आहे, ज्याच्याकडे महिन्याकाठी वर्गणी देण्याइतकी शिल्लक आहे आणि दिवसाचा काही वेळ ज्याला मोकळा मिळतो, तोच वर्गणीदार होऊ शके. या तीन अटी एकत्रितपणे पूर्ण करणारा वर्ग हा प्रायः नव्या शिक्षणातून आलेला सरकारी नोकर, वकील आणि शिक्षक यांचा होता. जातीची अट नियमांत लिहिण्याची गरजच नव्हती. ती या तिन्ही अटींत आधीच समाविष्ट होती.

ठाणे येथे १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने, आणि मुंबईत १८९८ मध्ये, मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली, तेव्हा या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. आधीच्या वाचनालयांचा ओढा 'उपयुक्त ज्ञाना'कडे होता. या नव्या संस्थांनी भाषा हेच संग्रहाचे तत्त्व मानले. मराठीतील ग्रंथ एका ठिकाणी जमवणे म्हणजे त्या भाषेला एक सलग वाङ्मयीन भूतकाळ आहे, हे दाखवून देणे होते. 'महाराष्ट्र सारस्वत' या वाङ्मयेतिहासाचे कर्तेही भावेच होते, हा योगायोग मानता येत नाही. संग्रह आणि इतिहास या एकाच प्रकल्पाच्या दोन बाजू होत्या. परंतु भाषा सर्वांची असली तरी तिच्यातील संग्रह सर्वांच्या वाचनाचा होतोच, असे नाही. 'मराठी वाचक' हे व्यापक पद रूढ झाले आणि त्यामागील वर्गणीदार दृष्टीआड गेला.

या समुदायापूर्वी मराठीत ग्रंथाभोवती लोक जमत नव्हते, असे समजणे चुकीचे ठरेल. 'वाचणे' या क्रियापदाच्या मुळाशीच वाणी आहे. चातुर्मासात मंदिरात वा घराच्या ओसरीवर श्रीधरांच्या 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांसारख्या पोथ्या लावल्या जात. एक वाचणारा आणि अनेक ऐकणारे, असे तिचे रूप असे. श्रोत्याला अक्षरओळख लागत नसे, वर्गणीही द्यावी लागत नसे. अर्थात, ही सभाही मुक्त नव्हती. कोणी कोठे बसावे आणि कोणी उंबऱ्याबाहेर राहावे, हे मंदिर व वाडा ठरवत असे. तरीही निरक्षरता ही तेथे अपात्रता नव्हती. वाचनालयातील मूक, एकट्याच्या वाचनाने बहिष्काराचे जुने निकष पूर्णपणे घालवले नाहीत; उलट साक्षरतेचा एक नवा निकष त्यांत मिळवला.

ही कोंडी स्पष्टपणे ओळखणारा पहिला महत्त्वाचा लेखक म्हणून जोतीराव फुले यांचा विचार करावा लागतो. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. दुसरी सभा १८८५ मध्ये तेथेच झाली. मराठी ग्रंथव्यवहाराला उत्तेजन देण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले आणि त्यांचे उत्तर 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. जे माणसांना मानवी हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आपल्या सभांचा व ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. या पत्राकडे बहुधा जातिसंघर्षाचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. ते साहित्यसिद्धांताचेही विधान आहे. ग्रंथावरील प्रेम हा एकत्र येण्यास पुरेसा आधार नाही, ग्रंथांचा समुदाय माणसांच्या समुदायाहून वेगळा असू शकत नाही, हे त्यातील मूळ प्रतिपादन होय.

हा नकार केवळ निषेधात्मक नव्हता, हे 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या वाटचालीवरून दिसते. १८८३ मधील या ग्रंथाचे काही भाग फुल्यांनी मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर आदी ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्यापुढेही त्यांनी वाचन केले. ग्रंथ संपूर्ण स्वरूपात त्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकला नाही. छापील ग्रंथाची सत्ता मानणारा साहित्येतिहास याला अपयश म्हणेल. प्रत्यक्षात येथे आधुनिक गद्य संहिता आणि पोथीवाचनातील श्रवणसभा यांचा संयोग झाला आहे. ज्यांच्या स्थितीविषयी ग्रंथ लिहिला आहे, त्यांना तो ऐकण्यासाठी साक्षर अथवा वर्गणीदार असण्याची अट येथे उरत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत सभासदत्वाचा प्रश्न घरातच सुरू होई. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून पतीचा आग्रह आणि घरातील स्त्रियांचा विरोध यांच्या कात्रीत चाललेले शिक्षण दिसते. काशीबाई कानिटकर यांचे वाचनही विवाहानंतरच वाढले. पुढे हरि नारायण आपटे यांच्याशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह जुळला. १८९० मध्ये सुरू झालेले हरिभाऊंचे 'करमणूक' हे साप्ताहिक थेट घरात पोहोचत होते. वाचनालयाच्या खोलीत जाणे ज्यांना अवघड होते, त्यांच्यासाठी नियतकालिक हाच समुदाय ठरला. हा समुदाय एकमेकींना न पाहताही अस्तित्वात होता. मात्र त्याचे दार उघडण्याचा अधिकार पुष्कळदा पतीकडेच राहिला.

या सर्व मर्यादांना संस्थात्मक उत्तर देण्याचा प्रयत्न मराठी राजवटीखालील, परंतु बहुसंख्येने गुजराती असलेल्या बडोदा संस्थानात झाला. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय, पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये, असा विस्तार त्यातून झाला. वाचन ही वर्गणीदाराची सवलत न राहता राज्याचे कर्तव्य मानले गेले. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा मात्र ग्रंथालय-कराऐवजी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे खेडोपाडी ग्रंथालये पसरली, हे खरेच. पण एकोणिसाव्या शतकातील वर्गणीदार-संस्थेची चौकट मूलतः कायम राहिली.

या इतिहासाचा समीक्षेशी असलेला संबंध दूरचा नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथापर्यंत झालेल्या वादांत 'रसिक' ही संकल्पना सार्वत्रिक आहे काय, हा प्रश्न केंद्रस्थानी राहिला. एका विशिष्ट खोलीत, विशिष्ट वर्गणी भरून, मूकपणे वाचणाऱ्या माणसाच्या सवयी जेव्हा आस्वादाचे निकष बनतात, तेव्हा त्या खोलीबाहेरच्या श्रोत्याचा अनुभव 'असाहित्यिक' ठरतो. म्हणून मराठी वाचकाचा इतिहास लिहिताना ग्रंथांची आणि वर्गणीदारांची संख्या मोजून भागणार नाही. ओसरीवरचे श्रोते, घरात नियतकालिक वाचणाऱ्या स्त्रिया आणि निमंत्रण नाकारणारे लेखक यांनाही त्या इतिहासात सभासद मानावे लागेल. तसे केल्यास 'रसिक' या संकल्पनेचीच फेरमांडणी करावी लागेल, आणि ती टाळण्याचे कोणतेही समीक्षात्मक कारण आज उरलेले नाही.