शेंदीचा बाजार आणि त्याचा एक साक्षीदार (सन १८१४)

नाईल नदीच्या पूर्व तीरावर, खार्टूमच्या ईशान्येस सुमारें दीडशें किलोमीटर अंतरावर शेंदी नांवाचें शहर आहे. सन १८९९ त लोहमार्ग तेथून पुढें खार्टूमच्या समोरील तीरापर्यंत गेला. तेव्हांपासून परदेशी प्रवासी शेंदीस बहुधा गाडीच्या खिडकींतूनच पाहूं लागले. कारण त्यांचें लक्ष जवळच्या मेरोए येथील पिरॅमिडांकडे लागलेलें असे. सन २०२३ च्या एप्रिलांत सुदानांत युद्ध पेटल्यापासून तर त्या मुलखांतील प्रवासच दुर्घट झाला आहे. तथापि ज्या शेंदीविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे, ती कोणी आज तेथें गेला तरी त्यास दिसावयाची नाहीं. ती दोनशें वर्षांपूर्वीं उद्ध्वस्त झाली. तिच्या बाजाराचें त्यापूर्वींचें जें एकच तपशीलवार वर्णन आमच्या पाहण्यांत आहे, तें बुर्कहार्ट या प्रवाशाचें होय. त्या साधनाची किंमत काय, हें ठरविण्याचा आमचा हेतु आहे.

योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्वित्झर्लंडांतील बाझल येथील घराण्यांतला. जन्म सन १७८४. लंडनच्या आफ्रिकन मंडळानें त्यास नायजर नदीच्या शोधार्थ नेमिलें होतें. त्यानें प्रथम हलब येथें राहून अरबी भाषा आत्मसात् केली, शेख इब्राहीम हें नांव धारण केलें, आणि सन १८१२ त पेट्राचे अवशेष व सन १८१३ त अबू सिंबेलचें मोठें देवालय पाहिलें. सन १८१४ च्या मार्चांत वरच्या मिसरांतील दराव गांवाहून गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर, एका गरीब व्यापाऱ्याच्या वेषानें, तो वाळवंट उतरून बर्बरास आला. व १७ एप्रिल रोजीं शेंदीस पोंचून तेथें एक महिना राहिला. त्या वेळीं पुण्यास दुसऱ्या बाजीरावाची राजवट चालू होती, हें कालाची सांगड घालण्यासाठीं ध्यानांत ठेवावें. टिपणें तो लपूनछपून करी. काफिल्यांतील लोकांस कागद-लेखणी दिसती तर हा हेर आहे असा संशय घेण्यास त्यांस उशीर लागता ना. सबब त्याच्या मजकुरांत आंकडे आहेत, परंतु मोजमापें थोडीं. ऐकीव व पाहिलेलें यांतील भेद मात्र तो बहुतेक ठिकाणीं नमूद करितो. यामुळेंच त्याचा शब्द आम्हांस वजनदार वाटतो. त्याच्या आधीं, सन १७७२ च्या आक्टोबरांत, जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी हबसाणाहून सेन्नारमार्गें परततांना शेंदीस उतरला होता. परंतु त्याच्या वृत्तांतांत शेंदीवर राज्य करणाऱ्या सित्तिना नामक स्त्रीची भेट जितकी रंगली आहे, तितका बाजार उमटलेला नाहीं.

बुर्कहार्टच्या मतें सेन्नार व दारफुरांतील कोब्बे हीं सोडल्यास पूर्व सुदानांत शेंदीएवढें दुसरें शहर नव्हतें. घरें आठशें ते एक हजार. वस्ती नदीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, वालुकामय मैदानांत. तेथील जालीन जमातीचा राजा मक निम्र (निम्र म्हणजे चित्ता) हा सेन्नारच्या फुंज सुलतानाचा नांवाचा मांडलिक होता. तो व्यापाऱ्यांकडून जकात घेत नसे, व हेंच शेंदीच्या भरभराटीचें एक मुख्य कारण म्हणून बुर्कहार्ट सांगतो. मिसर, सेन्नार, कोर्दोफान आणि लाल समुद्रावरील सवाकीन बंदर यांचे काफिले येथें एकत्र मिळत.

नाण्यांच्या संग्राहकांस या वर्णनांतील चलनाचा भाग विशेष रुचेल. किरकोळ देवघेव धुर्रा नांवाच्या धान्यावर व दम्मूर नांवाच्या जाड्याभरड्या सुती कापडावर चाले. धुर्रा म्हणजे आपली ज्वारीच. (हें पीक मुळांत त्याच बाजूचें. पूर्व सुदानांत मातीच्या भांड्यांवर उमटलेले ज्वारीच्या कणसांचे व फोलांचे ठसे इसवी सनापूर्वींच्या चौथ्या सहस्रकांतले सांपडले आहेत. देशावरच्या भाकरीचें बी तिकडून समुद्र ओलांडून आलें आहे.) मोठ्या व्यवहारांत स्पेनचा चांदीचा डॉलर चाले, परंतु चौथ्या चार्लसचाच. त्या नाण्यावर राजाच्या नांवापुढें चाराचा आंकडा चार उभ्या रेघांनीं दाखविलेला असे. त्या चार रेघा मोजूनच तेथील लोक नाणें घेत आणि त्यास ‘अबू अरबा’, म्हणजे चारांचा बाप, असें म्हणत. तिसऱ्या चार्लसच्या डॉलरावर रेघ एक कमी, म्हणून चांदी तीच असूनहि त्याचा भाव कमी! आपल्याकडील सराफ अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे भेद करून बट्टा लावीत, त्यांत कसाचा कांहीं हिशेब तरी असे. येथें सगळी मदार रेघांवर.

हिंदुस्थानचा माल सवाकीनच्या व्यापाऱ्यांमार्फत शेंदीस येई. तो जिद्द्यास जहाजांतून उतरे, तेथून लाल समुद्र ओलांडून सवाकिनास, व पुढें उंटांवरून नाईलकांठीं. तलम कापड, मसाले, चंदन हे त्यांतले मुख्य जिन्नस. मण्यांच्या एका जातीविषयीं तर बुर्कहार्ट स्पष्ट लिहितो कीं, हे जिद्द्यास विकत मिळतात व मुख्यत्वें सुरतेहून येतात. सुरतेचा लाल समुद्राशीं असलेला व्यापार आमच्या वाचकांस नवा नाहीं. शिवछत्रपतींनीं सन १६६४ व सन १६७० या दोन्ही वेळां ज्या संपत्तीवर हात टाकला, ती बव्हंशीं या समुद्री व्यापाराचीच होती. परंतु त्या मालाची वाट आफ्रिकेच्या पोटांत किती दूरवर गेली होती, हें आपल्याकडील कागदांवरून कळत नाहीं.

या सर्व मालाच्या बदल्यांत शेंदीहून जें बाहेर जाई, त्यांत माणसें पहिलीं. वर्षाकाठीं सुमारें पांच हजार गुलाम या बाजारांत विकले जात, असा बुर्कहार्टचा अंदाज आहे. त्यांपैकीं अडीच हजार सवाकीनचे व्यापारी नेत, दीड हजार मिसरचे; उरलेले डोंगोल्यास व पूर्वेकडील बदावी टोळ्यांकडे जात. पुष्कळसे पंधरा वर्षांखालचे होते. हबसाणांतून आलेल्यांची गणना निराळी, नूबा व दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांची निराळी, व त्याप्रमाणें भावहि निराळे. आमच्या दप्तरांतून हबशी भेटतो तो सरदार, शिलेदार किंवा जंजिऱ्याचा सिद्दी म्हणून. निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर हाहि बालपणीं हबसाणांत विकला गेलेला मुलगा. तो शेंदीच्या वाटेनें आला असें नव्हे, त्याचा मार्ग व काल दोन्ही निराळे. परंतु आमच्या कागदांत ज्या कथेचा शेवट तेवढा दिसतो, तिचा आरंभ कसा होत असेल हें शेंदीच्या बाजारावरून ताडतां येतें.

येथेंच या साक्षीदाराविषयींचा अवघड प्रश्न उभा राहतो. शेंदी सोडण्यापूर्वीं बुर्कहार्टनें स्वतः सुमारें चौदा वर्षांचा एक मुलगा सोळा डॉलरांस विकत घेतला. सोबतीस कोणी असावें, व लाल समुद्राकडे जाण्यास व्यापाराचें निमित्त मिळावें, हीं कारणें तोच देतो. १७ मे रोजीं काफिला निघाला. सवाकिनावरून तो जुलैंत जिद्द्यास पोंचला, आणि तेथें त्यानें तो मुलगा अठ्ठेचाळीस डॉलरांस विकला. या नफ्यांत नूबियांतील चार महिन्यांच्या प्रवासाचा बहुतेक खर्च निघाला, असें तो जमाखर्चाच्या थंडपणानें लिहितो. ज्या पुस्तकांत गुलामांच्या हालांचें इतकें बारीक वर्णन आहे, त्याच पुस्तकाची पुंजी या विक्रींतून आली. वेष टिकविण्यासाठीं हें करणें भाग होतें, असा त्याचा बचाव कोणी करील. खरेदीपुरता तो कदाचित् चालेल. जिद्द्याच्या विक्रीस तो लागू पडत नाहीं, कारण तेथें त्यास मुलास मोकळें करण्यास अडविणारें कोणी नव्हतें. मात्र साधन म्हणून याचा परिणाम उलटा होतो. भाव, नफा, दलाली यांविषयीं तो लिहितो तें बाहेरून पाहणाऱ्याचें लिहिणें नव्हे, सौदा केलेल्याचें आहे. त्याच्या आंकड्यांवर भरंवसा ठेवण्यास हें कारण पुरेसें आहे. त्याच्या सज्जनपणाविषयीं मात्र तसें म्हणवत नाहीं.

यानंतर आठच वर्षांनीं तें शेंदी नाहींसें झालें. मिसरचा महंमद अली याचा पुत्र इस्माईल यानें सन १८२१ त सेन्नार घेतलें. सन १८२२ च्या अखेरीस तो परततांना शेंदीस थांबला व मक निम्राकडे अशक्य कोटींतील खंडणी मागितली. निम्रानें उजूर करितांच आपल्या हुक्क्याच्या नळीनें त्यास मारिलें, असें परंपरा सांगते. त्या रात्रीं इस्माईलच्या मुक्कामाभोंवतीं कडबा रचून आग लावण्यांत आली व तो सोबत्यांसह जळून मेला. महंमद अलीचा जांवई दफ्तरदार हा कोर्दोफानांतून सूड घेण्यास आला. निम्र हबसाणाच्या सीमेकडे पळाला, आणि शिक्षा नगरानें व जालीन रयतेनें भोगली. शेंदीचा व्यापार पुढें समोरच्या तीरावरील मतम्मा गांवीं गेला.

या घटनांचें एतद्देशीय साधन म्हणजे ‘कातिब अश्-शूना’ याची फुंज बखर. शूना म्हणजे सरकारी धान्यकोठार. लेखक आपल्याकडील कोठीनिसासारखा कारकून. त्यानें सन १८३८ पर्यंतची हकीकत लिहिली, व पुढील हातांनीं ती सन १८७१ पर्यंत वाढविली. आपल्या बखरींप्रमाणेंच तिचीहि निरनिराळीं हस्तलिखितें एकमेकांशीं जुळत नाहींत. प्रत्येक नकलकारानें कांहीं घातलें, कांहीं गाळलें. सन १९९९ त होल्ट यांनीं तिचा इंग्रजी तर्जुमा प्रसिद्ध केला. बखरकार राज्यें व आगी सांगतो. बाजारभाव त्यास सांगावेसे वाटले नाहींत, आणि कोठीवरच्या माणसाकडून ती अपेक्षा करणें वावगें नव्हतें.

बुर्कहार्ट १५ आक्टोबर १८१७ रोजीं कैरो येथें वारला. नूबियाच्या प्रवासाचें पुस्तक सन १८१९ त निघालें, तें त्यास पाहावयास मिळालें नाहीं. पौर्वात्य हस्तलिखितांचा संग्रह त्यानें केंब्रिज विद्यापीठास दिला. शेंदीस येतांना वाटेंत त्यास ढिगारे व भाजलेल्या विटांचे तुकडे दिसले होते, पण काफिल्यामुळें थांबतां आलें नाहीं. हा सगळा टापू प्राचीन मेरोएचा. त्याच बाजूस ब्रूसनें मेरोएचा तर्क केला होता, व कायो या फ्रेंच प्रवाशानें पुढें सन १८२१ त पिरॅमिडांचीं चित्रें काढिलीं.

सुरतेच्या पेढ्यांचे अथवा कोंकणच्या बंदरांतील व्यापाऱ्यांचे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांत जिद्दा, मोखा व सवाकीन हीं नांवें, आणि मण्यांच्या खेपांच्या नोंदी पाहाव्या, अशी आमची विनंति आहे. सवाकीन हें नांव ‘सुवाकीन’ असेंहि लिहिलेलें आढळूं शकेल.