पडद्यामागचे कार्ड
1981 साली आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा पडद्यावर अक्षरे उमटविण्याचे कामदेखील एका स्वतंत्र कार्डाकडे सोपविलेले होते. आणि संपूर्ण यंत्र न बदलता त्याचे एखादेच अंग बदलण्याचा शिरस्ता या रचनेमुळे रूढ झाला. त्याला खरे वैभव आले ते 1996 मध्ये, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू या त्रिमितीय चित्रांच्या चिपवरील कार्डांनी. साधे द्विमितीय चित्र दाखविण्याची तजवीजच या कार्डांत नव्हती, म्हणून जुने कार्ड जागेवर ठेवून त्यातून निघालेली केबल नव्याच्या पाठीत खोवावी लागे व तेथून दुसरी मॉनिटरकडे न्यावी लागे. खेळ सुरू झाला, की पडद्याचा अंमल नव्या कार्डाकडे जाई. 1997 मध्ये अशा कार्डांसाठी इंटेलची एजीपी खाच रुजू झाली, आणि 2004 पासून पीसीआय एक्स्प्रेसने तिला हळूहळू बरखास्त केले. सुस्थितीतल्या बोर्डांची वाट अशी अकाली बंद व्हावी, हा ग्राहकावरील अन्यायच होय. आजही जुन्या पीसीत कार्ड बदलू इच्छिणाराने प्रथम पॉवर सप्लाय तपासावा: पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, अधिक लागणारी वीज त्याच्याच स्वतंत्र वायरीतून द्यावी लागते.