परदेशी पेन्शनची वर्गणी : कृपा, करार की सभासदत्व?

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी एक प्रश्न विचारला होता. आजचं व्याख्यान त्या प्रश्नावरच आहे.

आपल्या मनीषनगरात परदेशाशी धागा नसलेलं घर शोधावं लागेल. कुणाचा मुलगा तिकडे आहे, तर कुणी स्वतःच काही वर्षं इंग्लंडच्या इस्पितळात नोकरी करून परत आलेलं आहे. प्रश्न या परत आलेल्यांचा होता. तिथल्या सरकारी पेन्शनसाठी नोकरीत असताना पगारातून वर्गणी कापली जायची. आता नोकरी संपली, देशही सुटला. तरी इथून स्वेच्छेने वर्गणी भरत राहता येते. मग भरावी की नाही?

हा हिशोबाचा प्रश्न आहे, असं कुणी म्हणेल. तो आहेच, आणि हिशोब आपण करणारच आहोत. पण त्याआधी विचारायला हवं की ही वर्गणी भरून आपण नेमकं घेतो काय? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

पेन्शन हा शब्द आपल्याकडे आला तो कंपनी सरकारबरोबर, आणि आला तो कृपेच्या रूपात. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली आणि वर्षाला ८ लाख रुपयांवर तो बिठूरला जाऊन राहिला. १८५१ मध्ये तो वारला, तशी पेन्शन बंद. दत्तकपुत्र नानासाहेबाने अर्ज केले, अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं, उपयोग झाला नाही. आपल्या नागपूरचंही तेच. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं आणि राजघराणं पेन्शनवर आलं. जो देतो तोच ठरवतो, किती आणि कुठपर्यंत. घेणाऱ्याच्या हाती फक्त अर्ज. कृपेचं व्याकरण हे असं असतं.

दुसरी कल्पना अशी की पेन्शन ही केलेल्या कामाची आहे. बरं का, यातही नागपूरचं नाव येतं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. १८८६ मध्ये त्या गिरणीत कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. जर्मनीत बिस्मार्कचा वार्धक्य विम्याचा कायदा आला १८८९ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर ३ वर्षांनी! पण दोन्हींत मोठा फरक होता. गिरणीचा फंड मालकाच्या चांगुलपणावर आणि गिरणीच्या आयुष्यावर उभा होता. बिस्मार्कने कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांना एका कायद्याने बांधलं. पेन्शनचं वय मात्र ठेवलं ७०. त्या काळी त्या वयाला पोचणारे कामगार थोडेच! पुढे गिरणी बंद पडली, आज तिथे मॉल आहे. बिस्मार्कने सुरू केलेली व्यवस्था मात्र बदलत बदलत अजून चालू आहे.

आता इंग्लंड. १९०८ च्या कायद्याने तिथे सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले, कुठलीही वर्गणी न भरता. वर्गणीची पेन्शन आली १९२५ च्या कायद्याने. आणि १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला : सगळ्यांनी वर्गणी भरायची, सगळ्यांना संरक्षण. हे बेव्हरिज जन्मले बंगालात, रंगपूरला. वडील आय.सी.एस. न्यायाधीश. आणि या आय.सी.एस. साहेबांची पेन्शन जायची कुठून? हिंदुस्थानच्या महसुलातून! ‘होम चार्जेस’ या नावाखाली दरवर्षी जी रक्कम विलायतेला जाई, तिच्यात या पेन्शनी होत्या. दादाभाई नौरोजींच्या संपत्ती-निःसारणाच्या सिद्धांतातली ही ठळक बाब.

इथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवला आहे. बेव्हरिज योजनेवर आधारलेला राष्ट्रीय विमा इंग्लंडमध्ये लागू झाला ५ जुलै १९४८ ला. आणि त्याच जुलैत भारत आणि ब्रिटनमध्ये पौंड-शिलकीचा करार झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनकडे आपली जी रक्कम जमली होती, तिच्यातून सुमारे १६.८ कोटी पौंड देऊन भारताने त्या जुन्या साहेबांच्या पेन्शनींची जबाबदारी एकदाची उतरवली. म्हणजे ज्या महिन्यात आपण त्यांची पेन्शन फेडून मोकळे झालो, त्याच महिन्यात त्यांच्या घरी नवी पेन्शन सुरू झाली. पुढे या नव्या योजनेत वर्गणी भरायला आपले डॉक्टर, नर्सेस, इंजिनिअर तिकडे गेले.

आता हिशोब. २०१६ पासूनच्या नियमाने पूर्ण पेन्शनला ३५ वर्षांची वर्गणी लागते. किमान १० वर्षं भरली नसतील, तर साधारणपणे हाती काहीच येत नाही. २०२५-२६ ची पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. स्वेच्छेची वर्गणी दोन वर्गांत भरता यायची. तिसरा वर्ग आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३. दुसरा वर्ग परदेशात काम करणाऱ्यांसाठी, आठवड्याला फक्त ३.५० पौंड.

समजा एखादीने तिथे ७ वर्षं नोकरी केली आणि ती नागपूरला परतली. तिची ७ वर्षं वाया. पण तिसऱ्या वर्गाने आणखी ३ वर्षं भरली, तर खर्च सुमारे २,७७० पौंड, आणि पेन्शनच्या वयाला त्या दराने आठवड्याला सुमारे ६५ पौंड, वर्षाला ३,४०० च्या वर. भरलेले पैसे पहिल्याच वर्षात वसूल! हा हिशोब पाहून कुणीही म्हणेल, विचार कसला करता, भरून टाका.

पण थांबा. ॲनेट कार्सन नावाच्या बाईंची गोष्ट ऐका. आयुष्यभर ब्रिटनमध्ये वर्गणी भरली, १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेल्या, आणि तिथून १९९९ पर्यंत स्वेच्छेने भरतच राहिल्या. २००० मध्ये पेन्शन सुरू झाली, आठवड्याला ६७.५० पौंड. आणि तिथेच थिजली. महागाईनुसार जी वाढ ब्रिटनमधल्या पेन्शनरांना मिळते, ती त्यांना नाही. कारण ही वाढ राहत्या देशावर ठरते. अमेरिकेत राहणाऱ्याला मिळते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथे राहणाऱ्याला मिळत नाही. बाई कोर्टात गेल्या, शेवटी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात. १६ मार्च २०१० ला ११ विरुद्ध ६ मतांनी त्या हरल्या. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की वर्गणी ही पेन्शनची किंमत नव्हे. ती सरकारच्या सामाजिक खर्चाला लावलेला हातभार आहे.

अमेरिकेत याहून कठोर प्रकार घडला. इफ्राम नेस्टर बल्गेरियातून आलेला. १९ वर्षं सामाजिक सुरक्षेचा कर भरला, पेन्शन सुरू झाली. मग कधीकाळी कम्युनिस्ट पक्षात होता म्हणून १९५६ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं आणि पेन्शनही बंद केली. १९६० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, भरलेल्या करातून मालमत्तेसारखा पक्का हक्क तयार होत नाही.

म्हणजे काय, तर ही भिशी नव्हे. भिशीत आपला हप्ता आणि आपला नंबर, दोन्ही ठरलेले. इथे आपण भरलेला पैसा कुठल्याही तिजोरीत आपल्या नावाने पडून राहत नाही. तो आज तिथल्या एखाद्या आजोबांना जातो. आपल्याला उद्या जे मिळेल, ते आज शाळेत असलेलं पोर भरणार. आपल्या परंपरेतली ऋणाची कल्पना याला जवळची आहे : ज्याच्याकडून घेतलं त्याला परत न देता पुढच्याला द्यायचं. पण ही साखळी टिकते ती त्या समाजाच्या सभासदत्वावर. आणि भारतीय पासपोर्ट घेऊन घरी परतलेला माणूस असा सभासद असतो, ज्याला वर्गणी आहे पण मत नाही.

याचा प्रत्यय लांब शोधायला नको. नोव्हेंबर २०२५ च्या ब्रिटिश अर्थसंकल्पात जाहीर झालं, की ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातल्या काळासाठी स्वस्त असा दुसरा वर्ग बंद. आणि स्वेच्छेच्या वर्गणीसाठी नव्याने अर्ज करणाऱ्याने आधी ३ ऐवजी १० वर्षं तिथे राहिलेलं किंवा भरलेलं हवं. आपण मघाशी मांडलेला ७ वर्षांचा तो सुंदर हिशोब, एका घोषणेने नव्या माणसासाठी मिटला.

आपल्याकडे चित्र काय आहे? १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, तो हक्क आहे. थोर निकाल. पण तो होता सरकारी नोकरांच्या संदर्भात. कारखान्यातून निवृत्त झालेल्याला विचारा. १९९५ च्या योजनेत किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली, आणि ती किती वर्षं तिथेच राहिली हे त्याला तोंडपाठ आहे. कार्सनबाईंचं दुःख समजायला त्याला इंग्रजी यायची गरज नाही. एन.पी.एस. मध्ये पैसा आपल्या नावाने राहतो, परदेशातला भारतीयही त्यात भरू शकतो. तिथे संसदेची मर्जी कमी, पण बाजाराचा धोका आपला.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर. ज्यांचं नियमात बसतं, त्यांनी आधी तिथल्या सरकारकडून आपली वर्गणीची नोंद आणि पेन्शनचा अंदाज मागवावा, मगच पैसे पाठवावेत. मागची वर्षं सहसा ६ वर्षांपर्यंतच भरता येतात, तेव्हा दिरंगाई नको. हिशोब करताना पहिल्या दिवशीची रक्कम हीच शेवटपर्यंतची धरावी. आणि म्हातारपणाचा सगळा भार या एका खांबावर टाकू नये.

बाजीरावाच्या काळापासून आपण बरंच अंतर चाललो, यात शंका नाही. तेव्हा देणाऱ्याची मर्जी होती, आज कायदा आहे, कोर्ट आहे, कारण सांगावं लागतं. पण कायदा करणारं सभागृह दूर असेल आणि तिथे आपला आवाज नसेल, तर हक्काच्या पोटात कृपेचा थोडा अंश उरतोच. वर्गणी भरणाऱ्याने तो अंश ओळखून भरावी. आम्ही भरू नका म्हणत नाही. काय घेतो आहोत ते जाणून भरा, इतकंच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.