मिशनचा दवाखाना गावात येतो

वाचकहो, हिंगोलीकडच्या माणसाला मिशनचा दवाखाना म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. हिंगोलीहून आगगाडीने उत्तरेकडे निघालात की वाशीम लागते, आणि वाशीमला गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात चर्च ऑफ द नाझरीनने आपले हॉस्पिटल उभारले. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी त्याच्याही कितीतरी आधी, १८९४ साली, दवाखान्याची इमारत उभी केली होती. असे दवाखाने महाराष्ट्रात बरेच झाले. अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून रातोरात तिथे न्यायचे, हे आपल्या आजी-पणजीच्या पिढीला ठाऊक होते. ‘तिथे औषध घेतले की धर्म बाटतो’ म्हणणारेही होतेच. पण घरचे माणूस अत्यवस्थ झाले की तेही गाडी जुंपत!

या दवाखान्यांनी पुष्कळ जीव वाचवले. तरी एक प्रश्न शिल्लक राहत होता, आणि तो बाहेरच्या टीकाकारांनी नव्हे, तिथल्याच काही डॉक्टरांनी विचारला. जुलाबाने सुकलेले मूल आज बरे करून घरी पाठवले, ते पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच जुलाबाने दारात येते. मग आपण बरे केले तरी काय? १९६४ साली जर्मनीतील ट्युबिंगेन गावी चर्चच्या वैद्यकीय कामाचा विचार करायला मंडळी जमली. रोग्याला बरे करणे हे काम एकट्या डॉक्टरचे नसून साऱ्या मंडळीचे आहे, असा विचार तिथे पुढे आला. मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारा सारा समाज, बरं का. पुढे १९६८ साली जागतिक चर्च परिषदेने जिनिव्हात ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला. चर्चचा पैसा आणि मनुष्यबळ बहुतेक सारे रुग्णालयांतच खर्ची पडते, रोग होऊच नये म्हणून फारसे काही होत नाही, हे या आयोगाने स्पष्टपणे मांडले. आपलेच घर असे तपासायला धैर्य लागते.

आता जर्मनीहून आपल्या मुलखात येऊ. डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातले. आईवडील दोघेही शिक्षक. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९६० साली लग्न झाले तेव्हा खेड्यातल्या गरिबांची सेवा करायची, असे त्यांनी ठरवले होते. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षे काम केले, आणि वर सांगितलेला प्रश्न त्यांना तिथेच भेटला. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० साली जामखेडला आले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका बीडच्या सीमेला लागून आहे. म्हणजे मराठवाड्याच्या उंबऱ्यावरच म्हणा ना. गुरांचा एक जुना, पडून असलेला दवाखाना मिळाला. तिथे त्यांनी काम मांडले. जिनिव्हाच्या आयोगाचा त्यांना पाठिंबा होता.

आल्या आल्या त्यांनी रोगांवर व्याख्याने दिली असे समजू नका. लोकांना हवे होते पाणी आणि अन्न. १९७२ चा दुष्काळ आठवणारे अजून आपल्यात आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको. विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या. पण विहीर घ्यायची कुठे? आरोळे दांपत्याने ती दलित वस्तीत घ्यायचा आग्रह धरला. पाणी लागल्यावर बाकीच्या गावालाही तिथेच यावे लागले. ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यावरून हाकलले, त्यांच्या दाराशी सारे गाव घागरी घेऊन उभे! अस्पृश्यतेवरचे शंभर फलक रंगवून हे साधले असते का, ते शिक्षकांनीच सांगावे. नारू, जुलाब, खरूज यांच्याविरुद्धची लढाई अशी पाण्यापासून सुरू होते. लहान मुलांसाठी एकत्र स्वयंपाक सुरू झाला, आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. शेतकरी मंडळे झाली, मग महिला मंडळे झाली.

तरी घरोघरी आरोग्य पोहोचवणार कोण? आधी शिकलेल्या परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. शहरातून आलेल्या मुलीला गावात करमेना, आणि तिचे बोलणे गावाच्या गळी उतरेना. मग गावातलीच बाई निवडायचे ठरले. त्यातल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या, काही टाकलेल्या वा विधवा. आठवड्याला त्या जामखेडला जायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र शिकायच्या. बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ कसे ठेवावे, जुलाब झालेल्या मुलाला उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून ते कसे पाजावे, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला चीक का पाजावा, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखावा, हे त्या शिकल्या. ज्या घरात सावली पडू दिली जात नव्हती, त्या घरात बाळंतिणीच्या उशाशी त्यांना बोलावणे येऊ लागले. गावच्या बोलीत, गावच्या दाखल्यांनी बोलणाऱ्या त्या होत्या, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अगदी साधे: मुले वाचू लागली, ते लोक डोळ्यांनी पाहत होते.

आकडाच द्यायचा तर १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे प्रमाण तिसाच्या आत आले.

जगाने याची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या सहभागाने चाललेल्या आरोग्यकार्यांवर पुस्तक काढले, त्यात जामखेड आहे. १९७८ साली अल्मा-आता येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा ठराव झाला, त्यामागच्या विचारात अशा प्रयोगांचा वाटा होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र जास्त मोलाची वाटते ती १९८८ ची हकिगत. त्या साली जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगीत झुंबरांपेक्षा खेड्याला लहान दिवा बरा, कारण तो परवडतो आणि एका दिव्यावर दुसरा लावता येतो, अशा अर्थाचे त्या बोलल्या.

आपल्या सरकारनेही गावपातळीवरचा आरोग्यरक्षक १९७७ साली नेमला. त्यात पुरुषच जास्त होते, आणि ती योजना हळूहळू विझली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या, साधारण हजार वस्तीमागे एक. आज हिंगोली जिल्ह्यातल्या वाडी-तांड्यांवर गरोदर बाईची नोंद घेणारी, लसीकरणाला मुले गोळा करणारी बाई ती हीच. जामखेडच्या बायकांची ही धाकटी बहीण, असे मी म्हणेन. फरकही आहे. जामखेडच्या बाईच्या पाठीशी शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ उभे असे. आशाताईच्या पाठीशी पुष्कळदा नुसती वही असते, भरायच्या रकान्यांची. तिचा मोबदला किती आणि वेळेवर मिळतो का, यावर मोर्चे निघतात, ते उगाच नव्हे. आशाची निवड ग्रामसभेत व्हावी असा नियम आहे. शिक्षकहो, तुमच्या गावात ती कशी झाली, हे एकदा आशाताईलाच विचारा.

मेबलताई १९९९ साली वारल्या, रजनीकांत २०११ साली. जामखेडचे काम पुढे त्यांच्या मुलांनी चालवले.