लहान ट्रॅक्टर : दांते कीं तेल ?

एका यंत्रानें दुसऱ्यास हटविलें, असें सांगण्याची यंत्रांच्या इतिहासांत चालच पडून गेली आहे. वस्तुतः पुष्कळदां दोन्ही यंत्रें आपापल्या जागीं टिकून राहतात, व त्याचें कारण माणसाच्या गरजेंत सांपडतें. लहान ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत दांतेरी चक्रांनीं न्यावी कीं तेलाच्या दाबानें, हा वाद या दृष्टीनें बोधप्रद आहे.

हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ सालीं बाहेर पडला. त्यास पुढें जाण्याच्या तीन गती व मागें येण्याची एक. नांगरटीस एवढें पुरे होतें. जड नांगर ओढीत तासन्‌तास सरळ जावयाचें, तेथें गति बदलण्याचा प्रसंग विरळाच. शिवाय दांत्यास दांता भिडला म्हणजे शक्तीचा अपव्यय अल्प होतो.

तेलाची युक्ति शेतांत जन्मली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत विल्यम्स व जॅनी यांनीं ती सिद्ध केली, व युद्धनौकांवरील तोफांचे बुरूज फिरविण्याकडे तिचा उपयोग झाला. तिच्या रूढ रचनेंत इंजिन पंप चालवितें, व पंपांतील दट्ट्यांची धांव एका तिरप्या तबकडीवर अवलंबून असते. तबकडी अधिक कलली कीं तेल अधिक वाहतें व चाकांकडील मोटर वेगानें फिरते. सरळ झाली कीं ट्रॅक्टर थांबतो. उलट कलली कीं मागें येतो. क्लच दाबावयास नको, गिअर बदलावयास नको.

१९६७ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें असा ‘फार्मॉल ६५६’ बाजारांत आणला. इंजिनाचा वेग कायम ठेवून चाल मात्र हवी तशी कमीजास्त करतां येई, हा त्याचा मोठा गुण. पण तेलाची गळती व घर्षण यांमुळें शक्तीचा बराच अंश उष्णतेंत जाई. दिवसभर नांगरणाऱ्यास हा तोटा इंधनाच्या खर्चांत दिसे. १९८५ सालीं कंपनीचा शेतीविभाग विकला गेला, तेव्हां ही मालिकाही संपली. पुढें १९९५ सालीं जर्मनींतील फेंड्ट कंपनीनें कांहीं शक्ति दांत्यांतून व कांहीं तेलांतून नेऊन दोहोंचा मेळ घातला.

मग जेथें शक्ति मुळांतच थोडी, त्या लहान ट्रॅक्टरांत तेलानें घर करावें, हें नवल नव्हे काय? उत्तर कामाच्या स्वरूपांत आहे. अमेरिकेंतील घरमालक गवत कापतो, माती भरतो, बर्फ सारतो. तासाभरांत शंभरदां पुढें-मागें होतो. त्याचें इंधन थोडेंच जळतें. झिजतें तें त्याचें पाऊल व त्याचा धीर.

मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९९४ सालीं अमेरिकेंत शाखा काढली. तेथें ती दोन्ही जातींचे लहान ट्रॅक्टर विकत आली आहे. नाशिककडील द्राक्षबागांत मात्र लहान ट्रॅक्टर बहुधा गिअरचेच आढळतात. येथें किंमत व इंधन यांचा हिशेब कडक. आणि गिअरची पेटी गांवचा कारागीर उघडूं शकतो, तेलाच्या पंपाचे सूक्ष्म भाग तसे नव्हेत.

आमच्या मतें म्हणून कोणतें यंत्र श्रेष्ठ हा प्रश्नच चुकीचा आहे. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या कुटुंबानें प्रथम आपलें काम पाहावें. सरळ ओढ अधिक असेल तर दांते, थांबणें व वळणें अधिक असेल तर तेल. पैसा वर्षानुवर्षें गुंतावयाचा आहे. तेव्हां हा हिशेब दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं झालेला बरा.