हार्ड डिस्कचं पार्टिशन करताय? आधी बॅकअप, मग हात लावा

दुकानात किंवा सोसायटीत नवा कॉम्प्युटर आला की बसवणारा मुलगा सी आणि डी असे दोन ड्राइव्ह करून देतो आणि सांगतो, "तुमचं काम डीमध्ये ठेवा, फॉरमॅट मारलं तरी जाणार नाही." हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. सीमधली विंडोज बिघडून पुन्हा टाकावी लागली तर डीमधल्या फाइल्स राहतात. पण डिस्कच बंद पडली, कॉम्प्युटर चोरीला गेला किंवा रॅन्समवेअरने फाइल्सना कुलूप लावलं, तर सी आणि डी एकदमच जातात. उताऱ्यावर पोटहिस्से पाडले म्हणून जमीन वाढत नाही, तसाच हा प्रकार.

तरी पार्टिशन उपयोगी आहे. हिशेब, फोटो, पत्रव्यवहार वेगळ्या कप्प्यात असला की शोधायला आणि कॉपी करायला सोपं जातं. फक्त ते करण्याआधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या आठ-दहा फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. फोल्डर दिसतोय म्हणजे फाइल उघडेलच असं नाही.

दुसरी तपासणी बिटलॉकरची. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे कधी मशीनने 48 आकडी रिकव्हरी की मागितली आणि ती नसेल, तर डिस्क चांगली असूनही डेटा मिळत नाही. ही की त्या खात्यात साठवलेली असते. बसवणाऱ्याने स्वतःचाच ईमेल टाकून दिला असेल तर तुमच्या तिजोरीची किल्ली त्याच्याकडे, असा हिशेब होतो. त्यामुळे खातं कुणाच्या नावाचं आहे ते आजच बघा आणि की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. लॅपटॉप असेल तर चार्जरला लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या; मध्येच लाईट गेली तर निस्तरणं अवघड जातं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 1 टीबीची डिस्क तिथे साधारण 931 जीबी दिसेल. दुकानदाराशी भांडू नका; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. अक्षर नसलेले छोटे कप्पे दिसतील, तेही जागा वाचवायला म्हणून काढू नका. मशीन सुरू होणं आणि दुरुस्त होणं त्यांच्यावरच अवलंबून असतं.

सीवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' घ्या. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणजे 200 जीबी वेगळे काढायचे तर 204800. जागा मोकळी असूनही विंडोज कमीच देत असेल, तर मध्ये न हलणाऱ्या सिस्टिम फाइल्स अडल्या आहेत असं समजा. तेवढ्यासाठी कुठलं तरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. मोकळ्या झालेल्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' केलं, एनटीएफएस निवडलं की झालं. सीला सुरुवातीलाच सढळ जागा ठेवा. नंतर वाढवायची तर तिला लागून उजवीकडे रिकामी जागा असावी लागते, आणि तिथे नेमका डी बसलेला असतो.

जुनी डिस्क जोडल्यावर 'इनिशिअलाइझ करा' किंवा 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा संदेश आला, तर कॅन्सल दाबा. आत डेटा असतानाही हा संदेश येतो, आणि घाईत ओके दाबणारे बरेच. एसएसडीवर तर पुसलेलं परत मिळणं जवळपास अशक्य असतं.

बॅकअपचा जुना नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ऑफिसची घरी ठेवा, घरची नातेवाइकांकडे. 2019 च्या ऑगस्टमधला पूर पाहिलेल्या कृष्णाकाठच्या लोकांना याचं कारण सांगायला नको. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, कारण रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. गुगल ड्राइव्हचं सिंक हाही पूर्ण बॅकअप नाही. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि तिथल्या बिनमध्ये ते 30 दिवसच राहतं.

व्यापाऱ्यांसाठी हा कायद्याचाही विषय आहे. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. कंपनी असेल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज, भारतातल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. 31 मार्चला जगभर 'बॅकअप दिन' पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी वर्षअखेरीच्या गडबडीत बॅकअप सोडून बाकी सगळं होतं.

सीमाभागातल्या डीटीपीवाल्यांनी, वाचनालयांनी आणि मंडळांनी आणखी एक गोष्ट बघावी. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेल्या जुन्या स्मरणिका, इतिवृत्तं, दिवाळी अंक नुसते कॉपी करून भागत नाही. ते फॉन्ट नसतील तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. फाइलसोबत फॉन्टही ठेवा आणि प्रत्येकाची पीडीएफ करा. अनेक गावांत त्या मजकुराची दुसरी प्रत कुठेच नसते.

आणि डिस्क टकटक आवाज करायला लागली तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तशीच बंद करून जाणकाराकडे न्या. चुकून फाइल पुसली गेली असेल तर परत मिळवायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. ते नेमकं त्या फाइलच्या जागेवरच लिहिलं जाऊ शकतं.